विवेकाची कसोटी – लेखांक ६ : एका घरात दोन चुली

गेल्या आठवड्यात आपण दानीएल पाहिला. राजाच्या ताटातले पक्वान्न नाकारून भाजीपाला आणि पाण्यावर राहिलेला तो तरुण परक्यांच्या दरबारात होता. परक्याला नकार देताना जीव धोक्यात येतो. आपल्या माणसाला नकार देताना काळीज तुटते. हा दुसरा नकार समजून घ्यायला बाबेलपर्यंत जायला नको. आपल्या नगरातच, आजच्या अहिल्यानगरात, तो घडलेला आहे.

१८९३ साली राजनांदगावकडे जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाशी येऊन ते थांबले, आणि मग त्यांना मागे फिरता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही रेव्ह. तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी ते नगरला आले. चित्पावन घरातला हा कर्ता पुरुष ख्रिस्ती झाला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन पंढरपूरला बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. आकांत, टोमणे, लोकांच्या नजरा हे सारे त्यांनी सोसले.

त्या काळी धर्मांतर केलेल्यांसाठी १८६६चा एक कायदा होता. जोडीदार धर्मापायी नांदायला येत नसेल, तर कोर्टातून लग्न मोडून घ्यायची मुभा त्यात होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्नीची वाट पाहत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या स्वतःच्या अटींवर. माझे सोवळे मी पाळणार, माझा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवरा ख्रिस्ताचा प्रचारक, आणि त्याच्याच घरात बायको त्याच्या हातचे पाणी पीत नाही! ‘घरातल्यांना पटवता येत नाही, तो बाहेर काय सांगणार?’ असे कुणी ना कुणी म्हटलेच असेल. आपल्या मंडळ्या मला थोड्याफार ठाऊक आहेत. टिळकांचा मोठेपणा मला इथे सर्वांत जास्त दिसतो. ज्या जातिभेदावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, तो पाळण्याची मोकळीक त्यांनी पत्नीला दिली.

हे तत्त्वाशी तडजोड करणे झाले का? पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा १४वा अध्याय काढून पाहा. रोमच्या मंडळीतही वाद ताटावरूनच होता. कुणी सर्व काही खात, कुणी फक्त भाजीपाला. पौलाचे स्वतःचे मत ठाम आहे की कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही. तरीही जो खातो त्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असे तो बजावतो. प्रत्येकाची स्वतःच्या मनाशी पक्की खात्री झालेली असावी. अध्यायाच्या शेवटी तर तो फार कडक होतो. मनात संशय असताना केवळ दुसऱ्याकडे पाहून खाणारा दोषी ठरतो, कारण ते खाणे विश्वासातून आलेले नसते. म्हणजे योग्य कृतीसुद्धा दबावाखाली करून घेतली तर देवापुढे तिची किंमत उरत नाही. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या भिडेने ते पाणी प्यायले असते, तर घरातला तंटा मिटला असता आणि एका स्त्रीचा विवेक मोडला असता.

तो मोडला नाही, म्हणूनच जागा झाला. पुढे राहुरीला असताना त्या स्वतःच विचार करू लागल्या की या जाती केल्या कुणी, देवाने की माणसाने? उत्तर त्यांचे त्यांनाच सापडले आणि सोवळे सुटले. १९०० साली राहुरीलाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य याच बाईंनी पुढे नेले.

टिळकांवर दुसरे दडपण आले ते ख्रिस्ती झाल्यानंतर, आणि ते मला अधिक बारकाईचे वाटते. मिशनचा पगार, मान, स्थिर घर हे सगळे असताना १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ज्या बाप्तिस्म्यापायी स्वतः घरदार गमावले, त्याची अट हा माणूस दुसऱ्यावर घालायला तयार नव्हता. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार पुढे टिकला नाही, म्हणून तो निर्णय चुकला असे मी मानत नाही.

आज आपल्या घरांत चूल एकच असते, पण मुलामुलींची लग्ने, उपासनेला येणे न येणे, निवडणुकीत मत कुणाला, यांवरून भिडेचा जोर तितकाच लावला जातो. घरातल्या थोरांना माझी विनंती आहे, की या आठवड्यात रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तील या वर्षांचा भाग सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावा, आणि वाचून झाल्यावर आधी धाकट्यांना बोलू द्यावे. पुढच्या लेखांकात पंडिता रमाबाईंकडे वळू. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊनही तिथल्या धर्मभगिनींचे सगळेच म्हणणे त्यांनी मान्य केले नव्हते.