संकेतस्थळासाठी हलती चित्रे : काय शिकावे?

अनेक रोपवाटिकाधारक आता स्वतःचे संकेतस्थळ ठेवतात. ते बोलके करण्याचे शिक्षण घरातील मुलामुलींना द्यावयाचे असल्यास पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रम तपासून घ्यावा.

पूर्वी हलती चित्रे 'फ्लॅश'मध्ये करीत. ती दिसण्यासाठी ब्राउझरला वेगळा प्लेअर जोडावा लागे. अडोबी कंपनीने 31 डिसेंबर 2020 रोजी या प्लेअरचा आधार काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यात चित्रे चालणे थांबले. म्हणून ब्राउझरला थेट समजणाऱ्या पुढील तीन भाषा क्रमाने शिकाव्यात.

1) एचटीएमएल : पानाचा सांगाडा.
2) सीएसएस : रंग, मांडणी व साधी हालचाल. उदा., ठिबकमधून पडणारा थेंब.
3) जावास्क्रिप्ट : वाचकाने भरलेल्या माहितीवरून उत्तर देणे.

सरावासाठी टोमॅटो रोपांचा हिशेब घ्यावा. ग्राहकाने दोन ओळींतील अंतर 90 सें.मी. व दोन रोपांतील अंतर 30 सें.मी. भरले, तर पानाने 10,000 चौ.मी. भागिले 0.27 असे गणित करून हेक्टरी सुमारे 37,037 रोपे दाखवावीत. अंतर बदलताच आकडाही बदलला पाहिजे.

लिहिण्यासाठी संगणकातील साधे नोटपॅड व ब्राउझर पुरेसे आहेत. लहान मुलांनी आज्ञांचे ठोकळे जोडून चित्रे हलविणाऱ्या 'स्क्रॅच' या मोफत साधनापासून सुरुवात करावी.

हालचाल मात्र माहिती समजण्यापुरतीच ठेवावी. जड पान मोबाईलवर उशिरा उघडते आणि गिऱ्हाईक थांबत नाही.