साच्यातली वाळू
(लेखमाला ‘दगड ते धातू’ : भाग सहावा)

मागच्या भागात बीड म्हणजे काय ते पाहिलं. लोखंडात तीन-साडेतीन टक्के कार्बन मुरला की ते पोलादापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला, १२०० अंश सेल्सियसच्या आसपास, पूर्ण वितळतं आणि इतकं पातळ होतं की साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतं. पण वितळलेल्या धातूला स्वतःचा आकार नसतो. त्याला आकार देते ती बहुतेक वेळा वाळू. भट्टीचा प्रकाश डोळे दिपवतो, म्हणून फाउंड्री म्हटलं की लोकांना भट्टी आठवते. माझं मत वेगळं आहे. ओतकामाचं बरंवाईट भट्टी पेटण्याआधीच, साचा भरणाऱ्याच्या हाताखाली ठरतं. आणि खारेपाटण परिसरातल्या वाचकांनी हा भाग मुद्दाम वाचावा, कारण त्यातली वाळू त्यांच्या शेजारची आहे.

इतिहासाच्या पुस्तकात खारेपाटण येतं ते शिलाहार राजा रट्टराजाच्या ताम्रपटामुळे, शके ९३०, म्हणजे इ. स. १००८. वाघोटन खाडीच्या आतल्या अंगाला, शुक नदीकाठी वसलेलं हे जुनं बाजाराचं गाव. आज त्याच्या शेजारून मुंबई-गोवा महामार्ग जातो. त्या रस्त्याने दक्षिणेकडे निघालं की तळेरे लागतं आणि पुढे कासार्डे. कासार्डे, पियाळी, फोंडाघाट या कणकवली तालुक्यातल्या पट्ट्यात जांभ्याच्या तांबड्या मुलखात मधूनच पांढऱ्या मातीचे ढीग दिसतात. तीच सिलिका वाळू. ती ट्रकांत भरून घाट चढते आणि तिचा मोठा वाटा कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत जातो.

ही वाळू समुद्राने किंवा नदीने आजकाल आणून टाकलेली नाही. तिचा उगम ज्या वालुकाश्मांत आणि क्वार्टझाइटांत आहे, त्यांना भूवैज्ञानिक कलादगी गटाचे खडक म्हणतात. कलादगी हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव, तिथे हे खडक प्रथम नीट अभ्यासले गेले. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारूपात पसरला, त्याच्या फार फार आधीचे हे थर. वरचा बेसाल्ट झिजून गेला तिथे ते उघडे पडले. वालुकाश्म जुना होऊन ठिसूळ झाला की त्याचे कण सुटे होतात. ते खणून, धुऊन, त्यातली चिकणमाती काढून टाकून, वाळवून आणि चाळून फाउंड्रीजोगी वाळू तयार होते.

किनाऱ्यावर एवढी वाळू पडलेली असताना डोंगर खणायचा कशाला, हा प्रश्न कोणत्याही मालवणी माणसाला पडेल. मालवण-देवगडच्या पुळणीवरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते ८५०-९०० अंशांच्या आसपास फुटतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. साच्यात ओतलेलं बीड असतं १३५० ते १४०० अंशांचं. म्हणजे धातू साच्यात शिरतो तोच भिंतीतून वायू उसळतो आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, पोकळ्या राहतात. शिवाय मीठ. मिठामुळे वाळूची उष्णता सोसण्याची ताकद घटते आणि तिला बांधून ठेवणारी माती नीट फुगत नाही. बेसाल्टवरून वाहत येणाऱ्या नद्यांची काळसर वाळूही चालत नाही. तिच्यातली इतर खनिजं सिलिकापेक्षा लवकर वितळतात आणि काचेसारखी धातूला चिकटून बसतात. शुद्ध सिलिका मात्र सुमारे १७०० अंशांपर्यंत टिकते, आणि बिडासाठी तेवढं पुरेसं आहे.

पण उष्णता सोसली म्हणून काम भागत नाही. साच्याच्या वाळूकडून ज्या अपेक्षा असतात त्या एकमेकींच्या विरोधात जातात. साचा उचलून फिरवता येण्याइतका घट्ट हवा, तरीही वायू बाहेर जाण्याइतका सच्छिद्र हवा. धातू गोठेपर्यंत त्याने जागचं हलू नये, आणि गोठून आकसायला लागला की आड येऊ नये. पृष्ठभाग गुळगुळीत यावा म्हणून कण बारीक हवेत, पण फार बारीक झाले तर वायूची वाट बंद होते. त्यामुळे मध्यम कणांची, साधारण पाव मिलिमीटरच्या आसपासची वाळू बिडासाठी निवडतात. ती एकाच मापाची असूनही चालत नाही. तापल्यावर सगळे कण एकदम फुगू नयेत म्हणून लगतच्या तीन-चार चाळण्यांवर विभागलेली वाळू पसंत केली जाते.

कोरडी वाळू उभी राहत नाही. तिला बांधते बेंटोनाइट, कच्छमधून येणारी एक विलक्षण चिकणमाती. शंभर भाग मिश्रणात सहा ते दहा भाग बेंटोनाइट, तीन ते चार भाग पाणी, थोडी कोळशाची भुकटी आणि बाकी वाळू, असा कच्च्या साच्याचा ढोबळ हिशेब. फाउंड्रीत याला ‘ग्रीन सँड’ म्हणतात. रंग काळाच असतो, कच्ची म्हणजे न भाजलेली एवढाच अर्थ. जड चाकांच्या मलर यंत्रात हे मिश्रण मळतात, तेव्हा प्रत्येक कणावर मातीचा पातळ लेप चढतो. पाण्याचं प्रमाण मोदकाच्या उकडीसारखं: कमी पडलं तर चिरा जातात, जास्त झालं तर हाताला चिकटते. अनुभवी मोल्डर मूठभर वाळू दाबतो, बोटांचे ठसे स्पष्ट उठलेत का पाहतो, मग गोळा मधोमध मोडतो. कड धारदार तुटली आणि तळहात स्वच्छ राहिला तर वाळू तयार. प्रयोगशाळेत ओलावा, वायू वाहण्याची क्षमता आणि दाबाची ताकद आकड्यांत मोजतात. ते आवश्यकच आहे. पण दर तासाला बदलणारी वाळू आधी त्या मुठीलाच कळते.

पाण्याबद्दल एवढा काटेकोरपणा का? एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना वाफ झाली की ती सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. किलोभर वाळूत तीन टक्के, म्हणजे ३० ग्रॅम पाणी. त्याची पन्नास लिटर वाफ. सगळी वाळू एकदम तापत नाही, धातूलगतचा थरच तापतो, म्हणून साचा वाचतो. तरीही त्या वाफेला वाट मिळालीच पाहिजे. नाहीतर ती धातूत घुसते आणि वरून निर्दोष दिसणारं कास्टिंग लेथवर चढवल्यावर आतून फुग्यांनी भरलेलं निघतं. तोवर भट्टीचा कोळसा, वीज, मजुरी सगळं वाया गेलेलं असतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा वाढला की वाळूचं पाणी पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

आता साचा भरताना पाहू. हव्या त्या वस्तूची लाकडाची किंवा धातूची प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. लाकडी पॅटर्नसाठी सागवान चांगलं, ते ओलाव्याने फारसं वाकत नाही. पॅटर्न वस्तूपेक्षा किंचित मोठा करतात, कारण बीड गोठून थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. ५०० मिलिमीटरचा भाग हवा असेल तर पॅटर्न ५०५चा. उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार देतात, म्हणजे पॅटर्न वर काढताना भिंत ढासळत नाही.

पेटी दोन भागांची: खालची ‘ड्रॅग’, वरची ‘कोप’. फळीवर पॅटर्नचा अर्धा भाग पालथा ठेवून भोवती ड्रॅग उलटी मांडतात. चिकटू नये म्हणून पॅटर्नवर पार्टिंग पावडर भुरभुरतात. मग चाळलेली ताजी वाळू हाताने त्याच्या अंगाशी दाबतात. धातूला स्पर्श होणार तो हाच थर. त्यामागे वापरातली वाळू थराथराने टाकून रॅमरने ठोकतात, आधी कडेने, मग मध्ये. ही ठोकणी साऱ्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, असं मला वाटतं. हलकी पडली तर धातूच्या दाबाने भिंत सरकते आणि वस्तू फुगते. भारी झाली तर वायू कोंडतो. मोठ्या फाउंड्र्यांत आता हे काम यंत्रं करतात आणि प्रत्येक साच्याला सारखाच दाब देतात. हाताने ठोकणाऱ्याला तो सारखेपणा दिवसभर खांद्याने सांभाळावा लागतो.

मग वरची वाळू पट्टीने सपाट करून, सुईने व्हेंटची, म्हणजे वायू निघून जाण्याची, भोकं पाडून ड्रॅग सुलटी करतात. पॅटर्नचा दुसरा अर्धा भाग त्यावर खुंट्यांनी बसतो. वर कोप ठेवून धातू ओतण्याच्या वाटेसाठी आणि रायझरसाठी खुंट उभे करतात आणि पुन्हा वाळू, पुन्हा ठोकणी. रायझर म्हणजे धातूची राखीव टाकी: जाड भाग शेवटी गोठताना आकसतो तेव्हा तिथला द्रव खाली उतरून उणीव भरतो. मग कोप उचलायची, पॅटर्न हलके ठकठकवून सरळ वर काढायचा, तुटलेली कड करणीने दुरुस्त करायची, धातू शिरायचा मार्ग कापायचा. वस्तूला आतून पोकळी हवी असेल तर तिथे कोअर ठेवायचा. कोअर हा वेगळा वाळूचा गोळा. चारी बाजूंनी धातूने वेढला जाणार असल्याने तो साच्याहून कणखर लागतो. पूर्वी तो अळशीच्या तेलात बांधून भाजत. पुढे सोडियम सिलिकेट मिसळून वर कार्बन डायऑक्साइड सोडण्याची रीत आली, तीत कोअर काही सेकंदांत कडक होतो. आता रेझिनचा लेप दिलेली वाळू सर्रास वापरतात. डिझेल इंजिनाच्या सिलिंडर हेडमधल्या पाण्याच्या वळणदार वाटा म्हणजे एकेकाळचे कोअरच. धातू गोठला की त्याची वाळू झटकून टाकतात आणि वाट तेवढी उरते.

पेटी बंद केली की वर वजन ठेवावं लागतं. नवख्याला याचं नवल वाटतं: लोखंड जड, ते खाली दाबेल, वर कसं ढकलेल? पण द्रव सर्व दिशांना दाबतो. समजा पोकळीचा वरचा पृष्ठभाग ३० बाय ४० सेंटिमीटर आहे आणि ओतण्याच्या कपापर्यंत धातूची उंची त्याच्यावर १५ सेंटिमीटर. वितळलेलं बीड पाण्याच्या सुमारे सातपट जड. हिशेब केला तर कोपला वर उचलणारं बल भरतं १२६ किलो. कोपचं स्वतःचं वजन त्याहून कमी असेल आणि वर भार ठेवला नसेल तर पेटी उचलली जाते, आणि लाल धातू फटीतून बाहेर वाहतो.

ओतताना आणखी एक गोष्ट आत घडते. ५७३ अंशांना वाळूतल्या सिलिकाच्या, म्हणजे क्वार्टझच्या, स्फटिकाची मांडणी बदलते आणि कण अचानक फुगतो. साच्याचा तापलेला पृष्ठभाग ताणला जाऊन त्याचे पापुद्रे सुटतात आणि कास्टिंगवर खरूज धरल्यासारखे फोड येतात. त्याला फाउंड्रीत ‘स्कॅब’ म्हणतात. यावर कोळशाच्या भुकटीचा उपयोग होतो. ती जळून मऊ होते, कणांना फुगायला जागा देते, आणि तिच्यातून निघणारा वायू धातू आणि वाळू यांच्यामध्ये कार्बनचा चकचकीत पडदा धरतो, म्हणून वाळू धातूला चिकटत नाही.

मालवणी घरात घावणे ज्या बिडाच्या तव्यावर काढतात तो उलटा करून पाहा. मागच्या बाजूला बारीक खरखर असते. ते वाळूच्या कणांचे ठसे आहेत. कडेला कुठेतरी तुटून घासलेली खूण सापडली तर धातू तिथून आत शिरला, असं समजावं. ओल्या वाळूत स्वस्त लोखंडी भांडी ओतण्याची कल्पना इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने पक्की केली, आणि १७०७ साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी भांड्यासाठी मातीचा साचा रचून वाळवावा लागे आणि वस्तू काढताना तो मोडावा लागे. वाळूचा साचाही मोडतोच, पण तीच वाळू पुन्हा मळून लगेच दुसरा साचा भरता येतो. लोखंडी भांडं सामान्य घराला परवडू लागलं ते यामुळे. आपल्याकडे १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत बिडाचे नांगर ओतले गेले. पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात उसाच्या चरकांचे भाग आणि ऑइल इंजिनं ओतली जाऊ लागली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहती धरून कोल्हापूर भागात तीनशेच्या घरात फाउंड्र्या आहेत. ट्रॅक्टर, पंप आणि मोटारींचे भाग तिथून देशभर जातात.

एक किलो बिडामागे साच्यात चार-पाच किलो वाळू लागते. बहुतेक वाळू परत वापरात येते, तरी धातूलगतच्या थरातलं बेंटोनाइट भाजून मरतं. ते पुन्हा पाणी धरत नाही. कणही फुटून बारीक होतात. म्हणून दर फेरीला थोडी नवी वाळू घालावी लागते आणि तेवढीच जुनी बाहेर टाकावी लागते. कासार्ड्याचे ट्रक अखंड का धावतात, याचं कारण इथे आहे. वापरलेली वाळू भाजून किंवा घासून तिच्यावरचा मेलेला लेप काढला तर ती पुन्हा नवीसारखी चालते. अशी यंत्रणा बसवणं खर्चाचं असलं तरी ते प्रत्येक फाउंड्रीचं कर्तव्य मानलं पाहिजे. वालुकाश्माचा हा थर पुन्हा तयार होणार नाही. खाणींनी सोडलेले खड्डे आणि धुण्याच्या गढूळ पाण्याने भरलेले ओहोळ मात्र इथल्या गावांच्या वाट्याला येतात.

सगळ्यात काळजीची गोष्ट धूळ. सिलिकाचा डोळ्यांना न दिसणारा बारीक कण फुप्फुसात खोल जातो आणि तिथे व्रण धरतो. तो आजार म्हणजे सिलिकोसिस. एकदा झाला की बरा होत नाही. कोरडी वाळू चाळणारे, गोठलेली पेटी फोडून नॉकआउट करणारे आणि फेटलिंगमध्ये कास्टिंग घासणारे कामगार त्याच्या तोंडाशी असतात. कारखाने अधिनियम, १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत, सिलिकोसिस होता. १९२३च्या भरपाई कायद्यानेही तो व्यवसायजन्य आजार मानला होता. त्याची लक्षणं क्षयासारखी, आणि सिलिकोसिस असलेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त. त्यामुळे अनेकदा क्षयाचे उपचार चालू राहतात आणि मूळ कारण कुणी विचारतच नाही. तेव्हा घरातलं कुणी वाळूच्या वॉशिंग प्लँटवर, खाणीत किंवा फाउंड्रीत काम करत असेल आणि त्याला दम लागत असेल, कोरडा खोकला जात नसेल, तर डॉक्टरांना आधी हे सांगा की हा माणूस किती वर्षं वाळूत काम करतो आहे, आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या.

(पुढील भागात : क्युपोला भट्टी)