पिशवीतली गाठ आणि उदास मन

पाळीत अंगावरून फार जातं, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, आणि मन कशातच लागत नाही. पहिली तक्रार पोरगी आईला सांगते. दुसरीला घरात आळस म्हणतात. पण दोन्हींची नाळ एक असू शकते. गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ असली की रक्त जात राहतं, हिमोग्लोबिन उतरतं. थकवा, चिडचिड, उदासी वाढते. वर लग्नाची, मूल होईल का याची धास्ती.

ही गाठ बहुधा कॅन्सरची नसते. गोळ्यांनी रक्तस्राव आवरता येतो, नुसती गाठही काढता येते. तरी "पिशवीच काढा" हा सल्ला लवकर मिळतो. शेजारच्या बीडमध्ये २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड भगिनींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

नांदेडला विष्णुपुरीच्या, लातूरला विलासराव देशमुख शासकीय रुग्णालयात सोनोग्राफी करून घ्या. मनाची तक्रारही तिथेच सांगा, लाजू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ वर टेलिमानसला लगेच फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.