वारा खाणाऱ्या भिंती

दुकानांच्या दर्शनी भागावर लेझरने कापलेली पत्र्याची जाळी लावायची सध्या टूम आहे. नाशिकही मागे नाही. पण बहुतेक ठिकाणी जाळीमागे पक्की काच! वारा शिरणार कुठून? एसीची खोकी तेवढी झाकली जातात.

खरं तर भिंतीतून वारा-उजेड आत घ्यायचं कसब इथं दोन हजार वर्षं जुनं. पांडवलेण्यांतल्या 18 क्रमांकाच्या चैत्यगृहात दारावरच्या कमानीतून उजेड थेट आतल्या स्तूपाकडे जातो. कार्ला लेण्यातल्या चैत्यगृहाच्या कमानीत तर मूळच्या लाकडी पट्ट्या अजून टिकून आहेत.

भोकातून दाबून आलेली हवा आपोआप गार होते, हे ज्ञान व्हॉट्सॲपवर फिरत असतं. थाप! तापमान जवळपास तेच राहतं. गारवा वाटतो तो सावलीमुळे आणि वाऱ्यानं घाम सुकल्यामुळे. म्हणूनच जाळी जाड हवी. डोक्यावरचं ऊन ती अडवते, पातळ पत्रा सोडून देतो.

वास्तुरचनाकार लॉरी बेकर केरळात विटांमध्ये फटी ठेवून भिंती रचायचे. विटाही वाचायच्या, खिडक्यांचा खर्चही. दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीलाही 1959 पासून जाळीच्या भिंती आहेत. आपल्या जुन्या सोसायट्यांच्या जिन्यांत सिमेंटची जाळी असते. वारा उत्तम, पारवे फुकट.

माझ्या लेखी मात्र पहिला नंबर लासलगाव-पिंपळगावकडच्या, कांदा साठवायच्या कांदाचाळीचा. कांदा काढल्यावरही श्वास घेतो. उष्णता आणि ओल सोडतो. हवा कोंडली की सडला. म्हणून लाकडी पट्ट्यांच्या फटीफटींच्या भिंती आणि जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, म्हणजे वारा खालूनही. पाखी, म्हणजे चाळीतली कांद्याची एक ओळ, जेमतेम 4 फूट रुंद. त्याहून रुंद केली तर मधल्या कांद्याला हवा पोचत नाही. दिशेचाही हिशेब आहे. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, म्हणजे पश्चिमेचा वारा लांब बाजूवर येतो. दुपाखी पूर्व-पश्चिम, म्हणजे तोच वारा मधल्या बोळातून धावतो. एप्रिल-मेमध्ये भरलेला उन्हाळ कांदा असा दिवाळीच्या आसपासपर्यंत बाजारभावाची वाट बघत बसतो, विजेचं एक युनिटही न जाळता.

आणि पाऊस आला तर? झडीच्या बाजूला ताडपत्री सोडायची, उघडीप मिळाली की गुंडाळायची.