चित्रांचे पाट

म्हैसाळच्या उपसा योजनेनें कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उचलून कवठे महांकाळकडे आणलें. प्रत्येक शेतकऱ्यास निराळें धरण बांधावें लागलें नाहीं. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारांसाठीं ‘क्लाउड’ हेंच कार्य करतो. हा कांहीं आकाशांतील ढग नव्हे. दूरच्या इमारतींतील, भाड्यानें मिळणारे संगणक तो होय. ॲमेझॉननें अशीं केंद्रें मुंबईंत २०१६ सालीं सुरू केलीं.

येथें चलच्चित्रांचें भांडार उभारावयाचें, तर मूळ चित्रफितीच्या कमीअधिक दर्जाच्या अनेक प्रती कराव्या लागतात. प्रत्येक प्रतीचे कांहीं सेकंदांचे तुकडे पाडून त्यांच्या नकला प्रेक्षकांच्या जवळच्या केंद्रांत ठेवितात. प्रेक्षकाचा फोन जोडणीचा वेग मोजतो आणि पुढचा तुकडा कोणत्या प्रतींतील घ्यावयाचा, तें ठरवितो. म्हणून दुबळ्या जोडणीवर चित्र अंधुक होतें, परंतु सहसा थांबत नाहीं. जुलै २०१९ मध्यें भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळीं सुमारें अडीच कोटी प्रेक्षकांनीं पाहिला, तो याच रीतीनें.

अशी यंत्रणा एकदां सिद्ध झाली, म्हणजे गांवांतील होतकरू तरुणासही चार ओळींच्या आज्ञेनें ती वापरतां येते. मात्र पाण्याप्रमाणें येथेंही पट्टी आहे. जितकें चित्र वाहिलें, तितकें देणें वाढतें. यास्तव पाट काढण्यापूर्वींच हिशेब मांडावा, हें बरें.