कॅम्प पेरीची शाळा

ओहायो राज्यातलं पोर्ट क्लिंटन हे ईरी सरोवराच्या काठावरचं छोटं गाव. उन्हाळ्यात तिथे मासे पकडायला आणि नौकाविहाराला लोक येतात. त्याच दिवसांत गावाबाहेरच्या कॅम्प पेरी या नॅशनल गार्डच्या तळाकडे वेगळी वर्दळ सुरू होते. गाड्यांतून लांबट पेट्या, चटया, जाड कोट आणि दुर्बिणी उतरतात. युद्धाची काही वर्षं, २०२० चा करोनाचा उन्हाळा असे काही खंड सोडले, तर १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धांची ही जागा आहे.

स्पर्धांना नाव मोठं आहे. माझ्या लेखी मात्र त्यांच्या शेजारी भरणारी शाळा अधिक मोलाची आहे. ‘स्मॉल आर्म्स फायरिंग स्कूल’ १९१८ मध्ये सुरू झालं. पहिल्या महायुद्धासाठी नेमबाजीचे शिक्षक घडवायचे होते, त्यातून ते उभं राहिलं. पुढे सामान्य नागरिकही तिथे शिकू लागले. रायफलचा वर्ग जेमतेम दोन दिवसांचा असतो. आधी खोलीत बसून शिकायचं, मग मैदानावर जायचं आणि शेवटी एक छोटी स्पर्धा खेळायची. स्वतःची रायफल नसली तरी अडत नाही. रायफल आणि काडतुसं तिथेच मिळतात. कितीतरी वर्षं इथे लष्कराच्या नेमबाजी पथकांतले जवान शिकवत आले. ज्यांनी आयुष्यात कधी अर्धस्वयंचलित रायफल हातात धरलेली नाही, अशी माणसं इथे थेट लष्करातल्या निष्णात नेमबाजाच्या शेजारी पालथी पडून पहिली गोळी झाडत आली आहेत.

अमेरिकन बंदुकांविषयी आपण जे वाचतो ते बहुतेक हत्याकांडांच्या बातम्यांतून. त्याच देशाने शंभर वर्षांपूर्वी नागरिकाला शस्त्र शिकवणं हे सरकारचं काम मानलं होतं, हे त्या बातम्यांत येत नाही.

याची मुळं एका जुन्या चिंतेत आहेत. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांचा नेम इतका कच्चा निघाला की त्यांच्यातल्याच दोन अधिकाऱ्यांनी, विल्यम चर्च आणि जॉर्ज विनगेट यांनी, १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन काढली. आज राजकारणामुळे गाजणारी ही संस्था मुळात नेम सुधारण्यासाठी निघाली होती. १९०३ मध्ये, थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना, संसदेने रायफलच्या सरावाला उत्तेजन देणारं राष्ट्रीय मंडळ नेमलं आणि राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या. फौज लहान ठेवायची, पण वेळ आलीच तर उभा राहणारा नागरिक आधीच शिकलेला असावा, असा त्यामागचा विचार होता. स्पर्धा आधी मुख्यतः न्यू जर्सीतल्या सी गर्टला होत. तिथली जागा अपुरी पडू लागली, तेव्हा ओहायोचे अॅडज्युटंट जनरल अॅमन क्रिचफील्ड यांनी ईरीच्या काठावरची दलदलीची जमीन पुढे केली. गोळ्या सरोवराच्या दिशेने सुटतात. त्यामुळे एखादी नाव चुकून हद्दीत शिरली की मैदानावरचा सगळा गोळीबार थांबतो आणि ती बाहेर जाईपर्यंत सगळे खोळंबतात.

इथे येणाऱ्यांचं सगळ्यात जास्त प्रेम ज्या रायफलवर आहे, ती एम-वन गरँड. तिचे जनक जॉन गरँड १८८८ मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात जन्मले. घरची भाषा फ्रेंच. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत कनेटिकटला आलं आणि मुलगा कापडगिरणीत कामाला लागला. यंत्रांशी दोस्ती जमली ती तिथेच. १९१९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात रुजू झाले आणि पुढची पंधराहून अधिक वर्षं एकाच प्रश्नामागे लागले: प्रत्येक गोळीनंतर सैनिकाला हाताने बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दट्ट्या) मागे-पुढे ओढावा लागतो, तो त्रास कसा चुकवायचा?

त्यांचं उत्तर असं. गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा तिच्यामागे तापलेल्या वायूचा प्रचंड दाब असतो. त्यातला थोडासा वायू नळीच्या तोंडाजवळच्या बारीक छिद्रातून खाली घ्यायचा आणि त्याने एक दांडा मागे ढकलायचा. दांड्याच्या खाचेमुळे बोल्ट किंचित फिरतो, त्याची कुलपं सुटतात, रिकामी पुंगळी बाहेर उडते. मग स्प्रिंग दांड्याला पुढे लोटते आणि बोल्ट परतताना नवं काडतूस नळीत बसवतो. मात्र पुढची गोळी आपोआप सुटत नाही. बोट ढिलं करून चाप पुन्हा ओढावा लागतो. एका ओढीला एक गोळी, ही अर्धस्वयंचलित शस्त्राची मर्यादा. चाप धरून ठेवला की गोळ्यांचा वर्षाव करणारी मशीनगन वेगळी. बातम्या लिहिणाऱ्यांनी हा फरक पाळायलाच हवा, कारण कायद्याचे सगळे वाद त्याच्याभोवती फिरतात.

गरँडनी आधी रायफल बेतली होती ती थोड्या लहान काडतुसासाठी. १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ते नाकारलं, कारण जुन्या काडतुसांचे साठे गोदामांत पडून होते. गरँडनी सगळं त्या जुन्या, जास्त जोरकस काडतुसासाठी पुन्हा जुळवलं. १९३६ मध्ये रायफल स्वीकारली गेली. दुसऱ्या महायुद्धात रशिया आणि जर्मनीकडेही अर्धस्वयंचलित रायफली होत्या, पण आपल्या पायदळाची मुख्य रायफलच तशी असलेली फौज एकट्या अमेरिकेची. सगळ्या मिळून पन्नास लाखांहून अधिक एम-वन बनल्या. गरँडना यातून स्वामित्वधनाचा एक डॉलरही मिळाला नाही. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असा प्रस्ताव संसदेत आला, तोही मंजूर झाला नाही. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९७४ मध्ये त्याच स्प्रिंगफील्ड गावात वारले. इतक्या मोठ्या कारागिराला एवढं कोरडं सोडणं मला अजूनही खुपतं.

१९९८ पासून कॅम्प पेरीवर त्यांच्या नावाची स्पर्धा होते. काही वर्षी तिला हजारावर नेमबाज आले आहेत. रायफल फौजेत होती तशीच हवी. दुर्बीण लावायची नाही, सुधारणा करायच्या नाहीत. अंतर २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८३ मीटर. लक्ष्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ७ इंचांचं. आधी पालथं पडून सावकाश दहा गोळ्या, मग पालथं पडूनच ८० सेकंदांत दहा, आणि शेवटी उभं राहून दहा. कसोटी लागते ती या उभ्या दहात. साडेनऊ पौंडांची, म्हणजे चार किलोहून जड रायफल कशाचाही टेकू न घेता पेलायची असते आणि सरोवरावरचा वारा थांबत नाही.

रायफलमध्ये आठ काडतुसं एका पोलादी क्लिपसकट वरून बसवतात. तळहाताच्या कडेने दांड्याची मूठ मागे धरायची, अंगठ्याने क्लिप आत दाबायची आणि अंगठा लगेच बाहेर काढायचा. ज्याला हे जमत नाही त्याचा अंगठा बोल्टखाली चेंगरतो, आणि त्या दुखापतीला या लोकांत स्वतंत्र नावच आहे. म्हणून शिक्षक आधी रिकाम्या रायफलीवर हात बसवून घेतात. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप ‘टिंग’ असा आवाज करत वर उडते. हा आवाज ऐकून शत्रू धावून यायचा अशी दंतकथा आहे, पण शेकडो बंदुकांच्या धडाक्यात तो कोणाला ऐकू जाणार?

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मैदानावरची शिस्त. नळीचं तोंड सदैव लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. गोळीबार चालू नसेल तेव्हा बोल्ट उघडा आणि नळीत भडक रंगाची प्लास्टिकची पट्टी, म्हणजे रायफल रिकामी असल्याचं लांबूनही दिसतं. हुकूम फक्त मैदान-अधिकाऱ्याचा. पण काही धोका दिसला तर ‘थांबा’ असं कुणीही ओरडू शकतो, काल आलेला नवशिकासुद्धा, आणि मग सगळ्यांना थांबावंच लागतं. पारंपरिक मैदानावर अर्धे नेमबाज गोळ्या झाडतात तेव्हा उरलेले अर्धे पुढच्या खंदकात बसून लक्ष्यं खाली ओढतात, गुण दाखवतात आणि भोकं बुजवतात. आपल्याकडे एनसीसी केलेल्यांना ही बट पार्टी आठवेल. ज्याच्या डोक्यावरून गोळ्या सणसणत गेल्या आहेत, तो रायफल हलक्यात घेत नाही.

आपला अर्धस्वयंचलित रायफलीशी संबंध आला तो लष्करातून. १९६२ मध्ये भारतीय जवानांच्या हाती हाताने बोल्ट ओढायची थ्री नॉट थ्री होती आणि समोर चिनी सैनिकांकडे अर्धस्वयंचलित रायफली. त्यानंतर ईशापूरला बनलेली एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल जवानांकडे आली. तिच्या ७.६२ मिमी काडतुसांशी जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव कारखान्याचं नातं जुनं आहे. नागरिकांना मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अर्धस्वयंचलित रायफल सहसा मिळत नाही. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं त्या ५० मीटर प्रकारातल्या रायफलीत एका वेळी एकच काडतूस भरतात. आपल्याकडे सामान्य घरातल्या मुलांना शास्त्रशुद्ध नेमबाजीची दारं उघडली ती मुख्यतः एनसीसीने. अंजली भागवत यांची सुरुवातही तिथलीच.

अमेरिकेत मात्र विक्री शिकवणीच्या फार पुढे निघून गेली. १९९६ मध्ये नागरिकांच्या नेमबाजीचा हा कार्यक्रम सरकारकडून एका ना-नफा संस्थेकडे गेला. ती संस्था लष्कराच्या जुन्या गरँड आजही विकते, पण घेणारा संलग्न क्लबचा सदस्य असावा लागतो आणि त्याची पार्श्वभूमी तपासली जाते. दुकानातून एआर-१५ सारखी अर्धस्वयंचलित रायफल घ्यायला मात्र राष्ट्रीय कायद्यानुसार वय १८ पूर्ण असणं आणि तपासणीत नाव स्वच्छ निघणं एवढंच पुरतं. शिकलेलं असण्याची अट नाही. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकरी १८ वर्षांचा होता आणि त्याची रायफल कायदेशीर खरेदीची होती.

शिकवल्याने खुनी माणूस सज्जन होतो असा माझा दावा नाही. पण शाळेत नवख्या माणसावर दोन दिवस कुणाची तरी नजर असते. त्याचे हात, त्याचा राग, हुकूम ऐकण्याची त्याची तयारी शिक्षकाला दिसते आणि विचित्र वागणाऱ्याला मैदानाबाहेर काढता येतं. दुकानाच्या काउंटरवर हे घडत नाही. १९०३ मध्ये अमेरिकेने नागरिकाला शस्त्र शिकवण्याची जबाबदारी ओळखली, त्यासाठी कायदा केला, पुढे मैदान दिलं, शिक्षक दिले, आणि मग ती शाळा ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडली. माझ्या मते तिथेच चुकलं. कॅम्प पेरीचे ते दोन दिवस अर्धस्वयंचलित रायफल विकत घेणाऱ्या प्रत्येकाला सक्तीचे असायला हवे होते, आणि आजही ते करता येण्यासारखं आहे.