चक्रव्यूहातील ईस्टर-नृत्य

ध्यानशिबिरांच्या पत्रकांतून अलीकडे चक्रव्यूहाच्या आकृतीचा उल्लेख वारंवार आढळतो. मध्ययुगीन भाविकांना यरुशलेमची यात्रा घडत नसे, म्हणून ते मंदिराच्या फरशीवरील चक्रव्यूहातून गुडघ्यांवर सरकत ती पुरी करीत, असे त्यांत बहुधा सांगितलेले असते. हे विधान धर्मशिक्षणाच्या वर्गात उच्चारण्यापूर्वी त्याचा आधार तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम शब्दाविषयी. चक्रव्यूह म्हटला की आपल्याकडे अभिमन्यू आठवतो; आत शिरता येते, बाहेर पडता येत नाही. येथे अभिप्रेत असलेली आकृती तशी नव्हे. तीत वाट एकच असते. ती वळसे घेत मध्यापर्यंत जाते आणि तिनेच परत येता येते. फाटे नसल्यामुळे चुकण्याचे भय नाही. एकामागून एक अशा पुष्कळ माणसांनी मिळून फिरावे, यास ही रचना फार सोयीची आहे.

घोडेस्वारीशी तिचे नाते प्राचीन आहे. इटलीत त्राल्यातेल्ला येथे सापडलेल्या, इ.स.पू. सातव्या शतकातील एट्रुस्कन सुरईवर चक्रव्यूह कोरलेला असून त्यात 'त्रुइया' ही अक्षरे आहेत, आणि जवळच दोन घोडेस्वार. या शब्दाचा संबंध अनेक अभ्यासक ट्रॉय नगराशी जोडतात. व्हर्जिलने 'ईनिड'च्या पाचव्या सर्गात मुलांच्या तीन अश्वारूढ तुकड्यांचा खेळ वर्णिला आहे. त्या एकमेकींत गुंततात, सुटतात, आणि कवी त्या गुंत्यास क्रीटच्या चक्रव्यूहाची उपमा देतो. हा 'ट्रॉयचा खेळ' सम्राट ऑगस्टसने रोममध्ये वारंवार करविला. पुढे एका मुलाचा पाय मोडला, त्याचे आजोबा असिनियस पोलिओ यांनी सिनेटमध्ये कडक तक्रार केली, आणि खेळ थांबला, असे सुएटोनियस लिहितो.

ख्रिस्ती मंदिरांनी ही आकृती टाकून दिली नाही. तिचा अर्थ बदलला. अल्जीरियातील आजच्या श्लेफ शहरी इ.स. ३२४ मध्ये उभारलेल्या बॅसिलिकेच्या फरशीत चक्रव्यूह होता, आणि त्याच्या मध्यभागी मिनोटॉर राक्षसाऐवजी 'पवित्र मंडळी' या अर्थाचे लॅटिन शब्द होते. फ्रान्समधील शार्त्र कॅथेड्रलचा चक्रव्यूह तेराव्या शतकारंभीचा. व्यास सुमारे १३ मीटर, वाट २६० मीटरांहून थोडी अधिक. त्याच्या मध्यावर थीसियस व मिनोटॉर यांचा धातूचा पत्रा होता, तो १७९२ मध्ये काढून नेण्यात आला. राक्षसास मारून बाहेर येणारा थीसियस म्हणजे अधोलोकावर जय मिळवून परतणारा ख्रिस्त, असा अन्वयार्थ येथे लावला जातो.

या अर्थाचे उपासनेतील रूप आपल्याला ओसेर येथील कॅथेड्रलच्या नोंदींत दिसते. १३९६ पासूनच्या या नोंदी आमच्या मते या विषयातील सर्वांत मोलाचा पुरावा आहेत. ईस्टरच्या दिवशी कॅथेड्रलचे कॅनन, म्हणजे तेथील सेवेस नेमलेले धर्मगुरू, चक्रव्यूहापाशी जमत. नव्याने नेमलेला कॅनन एक चेंडू आणून डीनच्या हाती देई. तो एका हाताने धरता येऊ नये एवढा मोठा असावा, असा ठरावच होता! डीन तो घेऊन 'व्हिक्टिमे पास्काली' हे पुनरुत्थानगीत सुरू करी. ऑर्गनची साथ असे. मग सर्व जण हातात हात घालून चक्रव्यूहाभोवती नाचत, आणि डीन पाळीपाळीने प्रत्येकाकडे चेंडू टाकी व तो परत घेई. नंतर सहभोजन होई. नाचत ते धर्मगुरू. नगरातील प्रतिष्ठित मंडळी पाहावयास जमत.

१४७१ मध्ये एका नव्या कॅननने चेंडू देण्याचे नाकारले व वाद माजला. अखेर १५३८ मध्ये पॅरिसच्या पार्लमेंट या न्यायसभेच्या आदेशाने ही प्रथा बंद पडली. सुमारे १६९० मध्ये तो चक्रव्यूहही उखडला गेला. आज आपण हे जाणतो ते मुख्यतः १७२६ मध्ये आबे लबफ यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तामुळे.

याउलट गुडघ्यांवरील यरुशलेम-यात्रेचा मध्ययुगीन साक्षीदार एकही नाही. 'यरुशलेमची वाट' हे नावदेखील अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच आढळते. म्हणून आज कोणी तशी प्रार्थना करू नये, असे आमचे म्हणणे नाही. ती प्राचीन प्रथा म्हणून शिकवू नये, एवढेच. आणि उपासनेत पाय थिरकणे हे मंडळीच्या परंपरेस सर्वस्वी परके आहे असे जे म्हणतात, त्यांनी ओसेरचा डीन विचारात घ्यावा.

शिबिरात दोरी किंवा चुन्याने आकृती काढावयाची झाल्यास वाट पुरेशी रुंद ठेवावी. आत जाणारे आणि परतणारे एकाच वाटेवर समोरासमोर येतात, आणि प्रत्येक वेळी कोणा एकास बाजूला होऊन दुसऱ्याला पुढे जाऊ द्यावे लागते.